दगड लहान होत गेले...

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात एक वाक्य हमखास असायचं. 'आदिमानवाने बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेतले.' झालं! पुढचा मुद्दा, अग्नीचा शोध. मुलं ते वाक्य पाठ करायची, पेपरात लिहायची आणि एक गुण पदरात पाडून घ्यायची. वाक्य खोटं नाही. पण त्या एका ओळीत किती हजार वर्षं कोंबली आहेत, किती उपाशी रात्री, किती चालणं आणि किती शहाणपण आहे, ते तिथे दिसत नाही. निवृत्तीनंतर सवडीने वाचायला लागले तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. आदिमानव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आफ्रिकेतलं गवत नाहीतर युरोपातलं बर्फ येतं. हे जुळवून घेणं आपल्या गोदावरीच्या काठी, आपल्या सातमाळ्याच्या पायथ्याशीही झालंय, हे आपल्याच मुलांना माहीत नसतं.

म्हणून आज थोडं त्याविषयी. लेख लांबला आहे, चहा घेऊन बसा.

आधी नकाशा डोळ्यांपुढे आणा. आमच्या दिंडोरी तालुक्यातून कादवा वाहते. ती पुढे निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरजवळ गोदावरीला मिळते. तालुक्याच्या उत्तरेला सातमाळ्याची रांग आहे. तीच रांग पूर्वेकडे सरकत सरकत अजिंठ्याच्या डोंगरांना जाऊन मिळते. या लेखातल्या बहुतेक गोष्टी या नद्यांच्या आणि या रांगेच्या आधाराने घडल्या आहेत. म्हणजे अगदी घरच्याच म्हणा ना.

नाशिकच्या पश्चिमेला गंगापूर आहे. आज आपण ते धरणामुळे ओळखतो. तिथे गंगावाडीजवळ गोदावरीच्या काठच्या जुन्या गोट्यांच्या थरात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलियांना दगडी हत्यारं सापडली. त्यांवर त्यांनी लिहिलेलं पुस्तक १९५२ साली प्रसिद्ध झालं. ही हत्यारं कशी? हातात मावेल न मावेल अशी, जड, काळ्या पाषाणाची. एक टोकदार, बदामाच्या आकाराची, तिला हातकुऱ्हाड म्हणतात. दुसरी सरळ धारेची, फरशीसारखी. अशी हत्यारं पुढे अहिल्यानगर जिल्ह्यात (म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात) नेवाशाजवळ चिरकी इथेही सापडली. गुद्रुन कोर्व्हिनस या जर्मन विदुषींनी १९६६ ते १९६९ या काळात तिथे उत्खनन केलं होतं.

ही माणसं कोण होती? आपण ज्या जातीची माणसं आहोत, त्या जातीची ती नसावीत. आपल्याआधी पृथ्वीवर इतरही मानव होऊन गेले. नर्मदेकाठी हथनोरा इथे १९८२ साली अरुण सोनकिया यांना अशाच एका प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग सापडला. चेन्नईजवळ अत्तिरमपक्कम इथे शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून अशी हत्यारं तिथे सुमारे १५ लाख वर्षांपूर्वी होती, असं २०११ साली पुढे आलं. आकडा वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचला!

तेव्हाचं रान कसं होतं, याचा अंदाज हाडांवरून येतो. पिल्ग्रिम नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी १९०५ साली गोदावरीच्या गाळातल्या एका प्राचीन हत्तीवर लिहिलं. ते अवशेष नांदूर मधमेश्वरच्या परिसरातले होते. आजच्या हत्तीपेक्षा तो प्राणी कितीतरी उंच होता. आज आपण तिथे थंडीत पाणपक्षी बघायला जातो (२०२० साली त्या पाणथळीला रामसरचा दर्जा मिळाला, महाराष्ट्रातली ती पहिलीच), तिथेच कधीकाळी तो हत्ती पाण्यावर येत असणार. लातूरकडे मांजरा नदीच्या गाळात तर पाणघोड्याचे अवशेष मिळालेत. लातुरात पाणघोडा! जिथे २०१६ साली पिण्याचं पाणी रेल्वेने न्यावं लागलं, त्याच जिल्ह्यात.

म्हणजे हवामान बदलतं, हे आपल्या जमिनीला नवीन नाही.

पण हे बदल कळतात कसे? माझ्या नातीने हाच प्रश्न विचारला होता. तेव्हा तर कोणी डायरी लिहीत नव्हतं. तर त्याचं उत्तर नदीच्या काठात आहे. गोदावरी, प्रवरा, घोड या नद्यांच्या काठाला उंच उभ्या दरडी आहेत. त्या नीट पाहिल्या तर थर दिसतात. मोठे गोटे आणि भरड वाळू असेल तर तेव्हा नदीला जोर होता. बारीक, पिवळट, मऊ गाळ साचलेला असेल तर नदी मंदावली होती, तिला आपलं ओझं पुढे नेता येत नव्हतं. गाळात चुनखडीचे खडे दिसले तर तो कोरड्या हवेचा पुरावा. डेक्कन कॉलेजच्या शरद राजगुरूंनी आणि पुणे विद्यापीठाच्या विश्वास काळ्यांनी आपल्या दख्खनच्या नद्यांची ही रोजनिशी वाचण्यात आयुष्य घालवलं. त्यात अरबी समुद्राच्या तळाचा गाळ, गुहांतले चुन्याचे स्तंभ, प्राण्यांची हाडं यांची साक्ष जोडली की चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

चित्र असं. हिमयुगात बर्फ आपल्याकडे नव्हतं, पण त्याचा फटका आपल्याला पावसातून बसला. जगाचं पाणी उत्तरेकडच्या बर्फात अडकून पडलं, समुद्र थंडावला आणि मोसमी पाऊस रोडावला. साधारण २६ हजार ते १९ हजार वर्षांपूर्वी हा कडाका सगळ्यांत जास्त होता. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. कोकणचा किनारा आजच्या किनाऱ्याच्या कितीतरी मैल पश्चिमेला होता. घाटावर झाडी विरळ झाली, गवत वाढलं, नद्या सुस्तावल्या. मग बर्फ वितळू लागलं, पाऊस परतला आणि साधारण ११-१२ हजार वर्षांपूर्वीपासून तो चांगलाच जोमाने पडू लागला. नद्यांनी आपलाच साचलेला गाळ कापून पात्रं खोल केली. आज आपण ज्या दरडी बघतो त्या अशा उघड्या पडल्या.

आता या सगळ्यात माणसाने काय केलं?

पुन्हा नेवाशाला जाऊ. नेवासं म्हटलं की आपल्याला ज्ञानेश्वरी आणि तो पैसाचा खांब आठवतो. त्याच गावाजवळ प्रवरेच्या दरडीत सांकलियांना एक फार मोलाची गोष्ट दिसली. तळाच्या गोट्यांत जड, काळ्या पाषाणाची मोठी हत्यारं, आणि त्याच्या वरच्या थरात वेगळीच हत्यारं. आकाराने लहान. दगडही वेगळा. काळा पाषाण जवळजवळ गेला आणि त्याजागी अकीक, जास्पर, चर्ट असे गुळगुळीत, काचेसारखे फुटणारे दगड आले. आपण ज्यांना सरसकट गारगोट्या म्हणतो ना, त्याच घराण्यातले. तासण्या, टोच्या, पातळ छिलके अशी ही हत्यारं. या परंपरेला पुढे नेवाशाचंच नाव मिळालं. मध्य पुराश्मयुगाचा आपल्याकडचा हा ठसठशीत पुरावा समजला जातो.

वाचताना सुरुवातीला वाटतं, त्यात काय मोठं? दगड बदलला, एवढंच. पण जरा विचार करा. काळा पाषाण आपल्याकडे पायलीला पन्नास आहे. सह्याद्रीच मुळी त्याचा. अकीक-जास्पर मात्र त्याच पाषाणाच्या पोकळ्यांत, शिरांत तयार होतात, मग झिजून नदीच्या वाळूत येतात. त्यांचे गोटे लहान असतात. ते शोधावे लागतात, पारखावे लागतात. आणि लहान गोट्यातून हवा तसा छिलका काढायचा तर कुठे, किती जोराने, कोणत्या कोनात मारायचं हे आधी डोक्यात हवं. म्हणजे हात लहान दगडाकडे वळला तेव्हा डोकं मोठ्या हिशेबाकडे वळलं होतं. अत्तिरमपक्कमला हा बदल सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वी सुरू झाला, असं २०१८ साली प्रसिद्ध झालं. तेव्हा हा शहाणपणा फक्त आपल्याच जातीच्या मानवाने केला असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. इतर मानवांच्याही डोक्यात ते होतं.

मधल्या काळात, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी, सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीचा महाभयंकर उद्रेक झाला. त्याची राख भारतभर पडली. आंध्रात कर्नूल भागात ज्वालापुरम इथे त्या राखेचा जाड थर आहे. माइकल पेट्राग्लिया, धारवाडचे रवी कोरीशेट्टर आणि त्यांच्या चमूने राखेच्या खालची आणि वरची हत्यारं ताडून पाहिली. २००७ साली त्यांनी सांगितलं की दोन्हीकडची हत्यारं सारख्याच धाटणीची आहेत. आभाळातून राख पडली, तरी माणसं टिकली, आणि आपल्या जुन्याच रीतीने कामाला लागली. सगळ्या विद्वानांना हा निष्कर्ष तितकासा मान्य नाही. पण मला त्यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. जुळवून घेणं म्हणजे दरवेळी काहीतरी नवं काढणंच नव्हे. कधीकधी जे येतंय ते घट्ट धरून ठेवणं हेही जुळवून घेणंच.

आता माझ्या सगळ्यांत आवडत्या जागेकडे. पाटणे, तालुका चाळीसगाव. पाटणादेवीचं ते ठिकाण, भास्कराचार्यांच्या नावाशी जोडलेलं. आमच्या सातमाळ्याचीच रांग पुढे जाऊन जिथे अजिंठ्याची होते, तिच्या उत्तर पायथ्याला. १९७२-७३ मध्ये एस. ए. साळी यांनी तिथे उत्खनन केलं. मध्य पुराश्मयुगापासून मध्याश्मयुगापर्यंतचे थर त्यांना एकावर एक मिळाले. वर वर येताना हत्यारं लहान लहान होत गेलेली. अखेरीस नखाएवढी पाती.

आणि त्यांतच शहामृगाच्या अंड्याचं कवच! त्याचे कोरून केलेले मणी, आणि एका तुकड्यावर बारीक आडव्यातिडव्या रेघांची नक्षी. रेडिओकार्बन पद्धतीने त्याचं वय निघालं सुमारे २५ हजार वर्षं. खानदेशात शहामृग! अनेकांना तेव्हा ते खरं वाटत नव्हतं. पण अशी कवचं राजस्थान, मध्य प्रदेश, महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी मिळाली आहेत, आणि २०१७ साली हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या आणि इतर शास्त्रज्ञांनी राजस्थानातल्या जुन्या कवचातून डीएनए काढून दाखवलं की हा पक्षी आफ्रिकेतल्या शहामृगाच्या जवळच्या नात्यातलाच होता. शहामृग म्हणजे मोकळ्या, कोरड्या, गवताळ माळाचा पक्षी. तो इथे हिंडत होता याचा अर्थ रान मोकळं झालं होतं, हवा कोरडी होत चालली होती. तो मणी म्हणजे दागिना आहेच, पण तो हवामानाचा दाखलाही आहे.

त्या १९७२-७३ या सालाशी मी अडखळले. ते साल माझ्या पिढीतलं कोणी विसरेल का? महाराष्ट्रातला तो दुष्काळ. मिलोची लाल भाकरी, सुकडी, आणि रस्त्याकडेला खडी फोडणाऱ्या बायाबापड्या. इकडे पोटासाठी हजारो हात दगड फोडत होते आणि तिकडे पाटण्याला हजारो वर्षांपूर्वी पोटासाठी फोडलेले दगड मातीतून वर येत होते. दोघांच्याही वाट्याला पाऊस कमीच आलेला. इतिहास असा कधीकधी शेजारी येऊन बसतो.

असो. मूळ मुद्द्याकडे येऊ. दगड इतके लहान का होत गेले? एकच कारण सांगता येत नाही. पण हत्यार लहान झाल्याने काय सोय झाली ते सांगता येतं. पूर्वी एक दगड म्हणजे एक हत्यार. तुटलं की गेलं. आता नखाएवढी पाती ओळीने लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने बसवायची. झाला भाला, झाला बाण, झाला विळा. एक पातं तुटलं तर तेवढंच काढून दुसरं बसवायचं. एका गोट्यातून अशी कितीतरी पाती निघतात. ती पिशवीत घालून कुठेही जाता येतं. पाणी आटलं, जनावर दूर गेलं, दगडाची जागा दोन दिवसांच्या वाटेवर राहिली, तरी अडत नाही. ओझं कमी, आणि दुरुस्ती जागच्या जागी. ज्वालापुरमला अशी सूक्ष्म हत्यारं सुमारे ३५ हजार वर्षांपूर्वीपासून दिसतात. तिथल्या संशोधकांनी त्याचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी आणि माणसांच्या वाढत्या संख्येशी लावला आहे. थोड्या पाण्यावर जास्त तोंडं! ऐकल्यासारखं वाटतंय ना?

तिकडे श्रीलंकेच्या घनदाट पावसाळी रानात त्याहूनही आधी, सुमारे ४८ हजार वर्षांपूर्वी, माणसं हाडांची टोकं लावलेले बाण वापरून माकडं आणि मोठ्या खारी मारत होती. रान वेगळं, म्हणून उपाय वेगळा. म्हणजे एक ठरावीक युक्ती घेऊन माणूस जगभर फिरला नाही. जिथे गेला तिथलं शिकला.

मग तो मणी कशाला? पोट भरायची मारामार, आणि हे लोक अंड्याचं कवच घासत बसले? त्याला भोक पाडून, कडा गोल करून? बराच वेळ जातो हो त्यात. आफ्रिकेतल्या कलहारीत शिकार करून जगणाऱ्या लोकांमध्ये अशाच शहामृगाच्या कवचाच्या मण्यांची देवाणघेवाण होते, असं अभ्यासकांनी लिहून ठेवलंय. भेट म्हणून दिलेला मणी म्हणजे ओळख आणि हक्क. आमच्याकडे पाऊस पडला नाही तर आम्ही तुमच्याकडे येऊ, तुमच्याकडे नाही पडला तर तुम्ही या. पाटण्याच्या मण्याचं नेमकं हेच काम होतं असा पुरावा नाही. पण मला हा अर्थ पटतो. दुष्काळात माणसाला माणूसच उपयोगी पडतो. १९७२ मध्येही ज्यांना बागायती गावात बहीण किंवा मामा होता त्यांची गुरं वाचली. नातं हीसुद्धा एक साठवणच आहे, कणगीसारखी.

आणि अन्न? मोठं जनावर मिळालं तर सणच. पण रोजचं पोट त्यावर भरत नसावं. कंद, फळं, बिया, मासे, खेकडे, गोगलगाई, मध, असं ज्या ऋतूत जे मिळेल ते. हे बहुतेक अन्न मागे खूण ठेवत नाही, दगड तेवढा उरतो. म्हणून आपल्याला 'शिकारी' दिसतो आणि टोपली घेतलेली बाई दिसत नाही. बाईमाणसाच्या नजरेने पाहिलं तर मला त्या टोपलीचंच जास्त कौतुक वाटतं.

आमच्याकडे शेतावर कामाला यायच्या त्या मावशी पेठकडच्या होत्या. त्यांनी मला कडूकंदाची रीत सांगितली होती. कच्चा खाल्ला तर विषारी. बारीक काप करायचे, राख घालून उकडायचे, मग वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवायचे, तेव्हा कुठे तो पोटात घालण्याजोगा होतो. (पुस्तकात वाचून कोणी करून बघू नका, जाणत्या माणसाशिवाय हे काम नाही.) ही रीत पहिल्यांदा कोणी शोधली असेल? किती जणांना त्यापायी त्रास झाला असेल? एक गोष्ट स्पष्ट सांगते, आजचे आदिवासी म्हणजे अश्मयुगातली माणसं नव्हेत. ते आपल्यासारखेच आजचे आहेत, शेती करणारे, मोबाइल वापरणारे, मुलांना शाळेत घालणारे. पण रानाविषयीचं जे ज्ञान आपण टाकून दिलं ते त्यांच्यात अधिक टिकलं, एवढंच.

आता पुढची गोष्ट. पाऊस परतला, रान भरलं, शहामृग दिसेनासा झाला, पाणघोडाही संपला. हजारो वर्षांनी, साधारण चार हजार वर्षांपूर्वी, तापी-गोदावरीच्या खोऱ्यांत शेती करणारी गावं उभी राहिली. त्यांपैकी पुणे जिल्ह्यातलं इनामगाव हे फार बारकाईने खणलं गेलं. १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं डेक्कन कॉलेजने तिथे काम केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मोठी मंडळी त्यात होती. घोड नदीच्या काठी इसवीसनापूर्वी १६०० च्या सुमारास वसलेलं हे गाव. जव, गहू, कडधान्यं, गुरं, चौकोनी प्रशस्त घरं, नदीचं पाणी वळवायला पाट. सगळं छान चाललेलं.

आणि मग इसवीसनापूर्वी १००० च्या सुमारास चित्र पालटलं. चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती घटली, शिकार वाढली. भांडी ओबडधोबड झाली. ढवळीकरांनी याचं कारण वाढत्या कोरडेपणात पाहिलं. अलीकडच्या काही अभ्यासकांनी, विशेषतः तिथल्या मुलांच्या हाडांवर काम केलेल्या ग्वेन रॉबिन्स शूग यांनी, या कथेतल्या काही भागांवर प्रश्न उभे केले आहेत. पण गावाची ओढग्रस्त आणि शिकारीकडे झुकणं हे दिसतं, यात शंका नाही. इसवीसनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव उठलं.

मला या गोष्टीत एक महत्त्वाची बाब दिसते. शेतकरी झालेली ती माणसं पुन्हा हरणामागे जाऊ शकली, कारण त्यांना ते अजून येत होतं. शंभर पिढ्यांपूर्वीची विद्या घरात जिवंत होती. शेती पिकत होती तेव्हाही कोणीतरी रानात जात असणार, मुलाला माग काढायला शिकवत असणार, मुलीला कंद दाखवत असणार. त्या शिदोरीवर त्यांनी आणखी तीनशे वर्षं काढली. तीनशे वर्षं म्हणजे शिवरायांपासून आपल्यापर्यंत जवळपास!

म्हणून मला पुस्तकातल्या त्या ओळीला एक ओळ जोडावीशी वाटते. जुळवून घेणं म्हणजे नवं शोधणं जितकं, तितकंच जुनं न विसरणं. आणि एकाच गोष्टीवर सगळा भार न टाकणं.

या सगळ्याची किंमत मोजावी लागली, तीही सांगायला हवी. 'माणसाने जुळवून घेतलं' असं म्हणताना आपण फक्त जे टिकले त्यांची गोष्ट सांगतो. जे टोळके आटलेल्या झऱ्यापाशी संपले, ज्यांची मुलं जगली नाहीत, त्यांची गोष्ट सांगायला कोणी उरलं नाही. आपण सगळे उरलेल्यांची लेकरं आहोत. तेव्हा 'निसर्ग बदलला तर काय झालं, माणूस घेईल जुळवून' असं जे हल्ली सहज म्हटलं जातं, ते ऐकलं की मला राग येतो. घेईल, पण कोणता माणूस? आणि कोणाच्या जिवावर?

हे सगळं मी माझ्या पुतण्याला सांगत होते. त्याची द्राक्षबाग आहे. आमचा तालुका आता द्राक्षांचाच म्हणायला हवा. मार्च २०१४ ची गारपीट, मग नोव्हेंबर २०२३ चा अवकाळी आणि गारा, मधली वर्षंही धडाची गेली असं नाही. माझं सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "काकू, तुमच्या आदिमानवाला कर्जाचे हप्ते नव्हते."

मी गप्प झाले. खरंच आहे त्याचं. त्या माणसाला गाशा गुंडाळून पुढच्या खोऱ्यात जाता येत होतं. द्राक्षाचा मांडव पाठीवर घेऊन कुठे जाणार? तारा, अँगल, ठिबक, आणि आता वर प्लॅस्टिकचं आच्छादन. जितकी गुंतवणूक जास्त, तितके पाय जमिनीत रुतलेले. हत्यार लहान करत जाण्याच्या अगदी उलट आपली वाट आहे. आणि आठशे कोटी माणसांनी पुन्हा कंदमुळांवर जगावं असं म्हणायला मी काही खुळी नाही. बागेनेच त्याची मुलं शिकली, हेही मी पाहिलंय.

पण दोन दिवसांनी तोच आला आणि म्हणाला, बांधावर आणि वरच्या पडीक तुकड्यात यंदा नागली, वरई आणि थोडे तूर-उडीद टाकतो, घरापुरते. पैसे नाही मिळणार फार. पण बाग गेली तरी घरात काहीतरी असेल. मला त्यात पाटण्याची पिशवीतली पाती दिसली. एक तुटलं तर दुसरं बसवता यावं, एवढीच ती युक्ती. उपाय लहान आहे, कर्जाचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही.

आता एक काम सांगते, विशेषतः नात्यातल्या मंडळींना. आमच्या सासूबाईंना पावसाळ्यातल्या पंधरा-वीस रानभाज्या सहज ओळखता यायच्या. मला त्यातल्या कुरडू, टाकळा, कवळी, शेवळं, चाईचा मोहोर, बांबूचे वासते, अशा सात-आठ येतात. माझ्या सुनेला दोन येतात, त्याही बाजारात जुडी बांधून आल्या तर. नातीला एकही नाही. तीन पिढ्यांत वीसाचं शून्य! इनामगावच्या माणसांनी जे शंभर पिढ्या सांभाळलं ते आपण तीन पिढ्यांत सांडतोय. आणि ते परत शिकवणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत.

तेव्हा तुमच्या घरात कोणी आजी, मावशी, आत्या असेल, तर या पावसाळ्यात तिच्याबरोबर एकदा बांधावर जा. नाव, पान, कोणत्या नक्षत्रात येते, कशी शिजवायची, कशाने विष उतरतं, सगळं वहीत लिहून घ्या. आणि लिहून झालं की मला पाठवा. मी एका जागी गोळा करून ठेवीन. नात सध्या सुट्टीला आली आहे, तिला मी टाकळ्यापासून सुरुवात करून देणार आहे. तो ओळखायला सगळ्यांत सोपा.